शिकलेला कार्यकर्ता आणि टिकणारी सेवा : बालकल्याणाच्या कामात व्यावसायिक शिक्षणाचे स्थान

बालकल्याण ही संज्ञा व्यवहारात फार सैलपणे वापरली जाते आणि लसीकरणापासून शालेय पोषण आहारापर्यंत अनेक गोष्टी तिच्यात सामावून घेतल्या जातात. प्रस्तुत व्याख्यानात मात्र तिचा अर्थ मर्यादित आहे. ज्या मुलाला आईवडील नाहीत, किंवा असूनही ते त्याचा सांभाळ करू शकत नाहीत, किंवा ज्याला घरातल्याच माणसांकडून इजा पोहोचते, अशा मुलाच्या बाबतीत राज्यसंस्था पालकाच्या जागी उभी राहते आणि त्याने कोठे राहावे, कोणाकडे परत जावे, याचा निर्णय कायद्याने घेते. हे काम म्हणजे येथे अभिप्रेत असलेले बालकल्याण होय. असा निर्णय समितीच्या किंवा न्यायालयाच्या सहीने होत असला, तरी त्याला आधार असतो तो एका कार्यकर्त्याने घरी जाऊन, शेजारीपाजारी विचारपूस करून आणि मुलाला विश्वासात घेऊन लिहिलेल्या अहवालाचा. तो कार्यकर्ता काही महिन्यांत नोकरी सोडून गेला, तर फाइल मागे राहते, पण फाइलीत न उतरलेले बरेचसे ज्ञान त्याच्याबरोबर जाते, आणि मुलाला आपली हकीकत नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणूनच कर्मचाऱ्यांचे टिकणे हा विषय आस्थापना शाखेपुरता ठेवता येत नाही. तो मुलाच्या हिताचा विषय आहे.

टिकण्याचा आणि शिक्षणाचा संबंध तपासण्याआधी शिक्षण कशाला म्हणायचे हेही ठरवावे लागते. नोकरीवर रुजू झाल्यानंतर नियम, नमुने आणि संगणकप्रणाली समजावून देणारे काही दिवसांचे वर्ग हे प्रशिक्षण होय आणि त्याची गरज कोणी नाकारणार नाही. व्यावसायिक शिक्षण म्हणजे समाजकार्य विषयातील पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, जिच्यात मानवी वाढ आणि विकास, कुटुंबव्यवस्था, कायदा आणि सामाजिक धोरण यांच्या अभ्यासाबरोबर व्यक्तिसहाय्य कार्य, म्हणजे एकेका व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबाबरोबर ठरावीक पद्धतीने काम करण्याचे तंत्र, शिकवले जाते आणि आठवड्यातील काही दिवस एखाद्या संस्थेत पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली क्षेत्रकार्य करावे लागते. असे शिक्षण घेतलेला माणूस या कामात अधिक काळ राहतो का, आणि राहत असेल तर कशामुळे, हा येथील प्रश्न आहे.

या प्रश्नाचा दीर्घकाळ आणि पद्धतशीर विचार झाला तो अमेरिकेत, कारण तेथे केंद्र सरकारने बालकल्याणातील कर्मचाऱ्यांच्या पदवी शिक्षणावर थेट पैसा खर्च केला आणि त्या खर्चाचे फळ काय, असे विचारणे विद्यापीठांना भाग पडले. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली भरलेला उन्हाळी वर्ग हा तेथील समाजकार्य शिक्षणाचा आरंभ मानला जातो आणि १९१२ साली केंद्र सरकारात स्थापन झालेले चिल्ड्रेन्स ब्युरो हे मुलांच्या प्रश्नांसाठीचे पहिले स्वतंत्र कार्यालय होय. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने राज्यांना बालकल्याणासाठी केंद्रीय मदत मिळू लागली. पुढे १९७० च्या आणि १९८० च्या दशकांत अनेक राज्यांनी खर्च कमी करण्यासाठी आणि भरती सुलभ करण्यासाठी समाजकार्य पदवीची अट सैल केली आणि कोणत्याही विषयाच्या पदवीधराला ही पदे खुली केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या एका देशव्यापी पाहणीत बालकल्याणातील सुमारे २८ टक्के कर्मचाऱ्यांकडेच समाजकार्याची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असल्याचे आढळले.

अट सैल होत असतानाच कामाचे स्वरूप मात्र अधिक बिकट होत गेले. मुलांवरील अत्याचाराची खबर देणे डॉक्टर, शिक्षक अशा अनेकांवर कायद्याने बंधनकारक झाल्यावर खबरींचा ओघ वाढला, व्यसनाधीनता आणि कौटुंबिक हिंसा असलेली प्रकरणे वाढली, आणि १९८० च्या केंद्रीय कायद्याने मुलाला घरातून काढण्यापूर्वी कुटुंब सावरण्याचे वाजवी प्रयत्न झाले पाहिजेत, अशी अपेक्षा कार्यकर्त्यांवर ठेवली. कौशल्याची गरज वाढत असताना पात्रता उतरवली गेली, तर माणसे टिकत नाहीत, यात आश्चर्य नाही. अमेरिकी काँग्रेसच्या वतीने सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने २००३ च्या अहवालात बालकल्याणातील कर्मचाऱ्यांची वार्षिक गळती ३० ते ४० टक्के आणि त्यांचा सरासरी सेवाकाळ दोन वर्षांपेक्षा कमी असल्याचा अंदाज दिला. एका कार्यकर्त्याकडे बारा ते पंधरा मुले असावीत, अशी चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका या संघटनेची शिफारस असताना प्रत्यक्षात ती संख्या सरासरी २४ ते ३१ असल्याचे, आणि काही ठिकाणी ११० पर्यंत गेल्याचेही, याच अहवालात नमूद आहे.

या गळतीची झळ मुलांना कशी बसते, हे दाखवण्यासाठी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी काउंटीचा २००५ मधील अभ्यास वारंवार पुढे केला जातो. मुलाला कायमचे घर मिळण्याचे, म्हणजे स्वतःच्या कुटुंबात परतण्याचे किंवा दत्तक जाण्याचे, प्रमाण एकच कार्यकर्ता लाभलेल्या मुलांच्या बाबतीत ७४.५ टक्के, दोन कार्यकर्ते लाभलेल्यांच्या बाबतीत १७.५ टक्के आणि सहा-सात लाभलेल्यांच्या बाबतीत जवळजवळ शून्य, असे त्याचे आकडे सांगितले जातात. हे आकडे जपून वाचले पाहिजेत. ज्या मुलाचे प्रकरण मुळातच गुंतागुंतीचे असते, ते व्यवस्थेत अधिक काळ राहते आणि अधिक काळ राहिल्यामुळेच त्याच्या वाट्याला अधिक कार्यकर्ते येतात. त्यामुळे संपूर्ण फरक कार्यकर्ता बदलल्याचाच आहे, असे म्हणता येत नाही. तथापि नवा कार्यकर्ता आला की न्यायालयाची तारीख पुढे जाते, आईवडिलांशी ठरलेली योजना नव्याने लिहिली जाते आणि नातेवाइकांशी जुळत आलेला संवाद तुटतो, ही कारणपरंपरा इतकी उघड आहे की, परिणामाचे माप वादग्रस्त असले तरी त्याची दिशा वादग्रस्त नाही.

१९८० च्याच कायद्याने सामाजिक सुरक्षा कायद्यात ‘टायटल फोर-ई’ हा भाग घातला. मुलांच्या पर्यायी संगोपनाचा आणि दत्तकविधानाचा खर्च राज्यांना अंशतः परत मिळावा, हा त्याचा मुख्य हेतू. परंतु त्यातील एका तरतुदीनुसार राज्याच्या बालकल्याण यंत्रणेत काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या व्यक्तींच्या प्रशिक्षणावरील खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलते. या तरतुदीत पदवी शिक्षणही बसते, हे विद्यापीठांच्या आणि राज्यांच्या नीट ध्यानात आले ते १९९० च्या सुमारास. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील समाजकार्य महाविद्यालये आणि काउंटींचे कल्याण अधिकारी यांनी एकत्र येऊन बर्कली येथील विद्यापीठात एक केंद्र उभारले. पदव्युत्तर विद्यार्थ्याला विद्यावेतन द्यायचे, त्याने बालकल्याणाचा विशेष अभ्यासक्रम आणि सार्वजनिक कार्यालयातील क्षेत्रकार्य पूर्ण करायचे आणि जितकी वर्षे विद्यावेतन घेतले तितकी वर्षे सार्वजनिक बालकल्याण सेवेत काम करायचे, न केल्यास रक्कम परत करायची, अशी ही योजना. केंटकी राज्याने १९९० च्या दशकातच हाच मार्ग पदवी स्तरावर अवलंबिला. तेथे विद्यार्थी शिकत असतानाच राज्याचे प्राथमिक प्रशिक्षणही पूर्ण करतो, त्यामुळे रुजू झाल्यावर त्याला प्रकरणे हाताळण्याची तयारी करण्यात महिने घालवावे लागत नाहीत.

अशा योजनांतून आलेले कार्यकर्ते इतरांपेक्षा अधिक काळ राहतात, असे बहुतेक अभ्यासांत दिसले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अहवालात व्यक्तीशी निगडित घटकांपैकी व्यवसायनिष्ठा आणि शिक्षणाची पातळी, तर संस्थेशी निगडित घटकांपैकी पर्यवेक्षकाचा आणि सहकाऱ्यांचा आधार आणि कामाचा बेताचा बोजा, हे टिकण्याला पोषक असल्याचे सातत्याने आढळले. येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन वर्षे सेवेचा करार करून जो विद्यार्थी मुद्दाम बालकल्याणाचा अभ्यास निवडतो, त्याची या कामाकडे ओढ आधीपासूनच असते; तेव्हा तो टिकला तर श्रेय शिक्षणाचे किती आणि त्या मूळच्या ओढीचे किती, हे वेगळे काढणे कठीण असते. शिवाय कराराच्या मुदतीतले राहणे हे खरे टिकणे नव्हे. मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात काय घडते, हाच योजनेचा कस आहे, आणि त्या वळणावर अनेक जण निघून जातात, हेही या अभ्यासांनी लपवलेले नाही.

कशामुळे राहतात, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांपेक्षा कामाच्या अंतरंगात अधिक सापडते. संस्थेत ठेवलेल्या मुलाला आई तीन महिने भेटायला आली नाही, एवढी एकच नोंद घेतली, तरी तयारी नसलेल्या कार्यकर्त्याला तिचा एकच अर्थ सुचतो : आईला माया नाही. तो अर्थ अहवालात उतरतो, मुलाचे परतणे लांबते आणि कार्यकर्त्याच्या मनात माणसांविषयी एक कडवटपणा साचत जातो. शिकलेल्या कार्यकर्त्यापुढे त्याच नोंदीचे अनेक अर्थ असतात : नवरा जाऊ देत नसेल, एक दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नसेल, गेल्या भेटीत मुलाने पाठ फिरवल्याचे दुःख तिला पुन्हा सोसवत नसेल, कार्यालयातल्या चौकशीची भीती वाटत असेल. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे शोधण्याची पद्धत त्याच्याजवळ असते आणि शोध चालू असेपर्यंत कडवटपणाला जागा राहत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी सेवाक्षेत्रातील थकव्याचे तीन पैलू मांडले आहेत : भावनिक शक्ती आटून जाणे, समोरच्या व्यक्तीकडे माणूस म्हणून पाहणे थांबणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. शिक्षण पहिल्या पैलूपुढे फारसे बळ देत नाही, कारण मारहाण झालेल्या मुलाला पाहून होणारी मनाची ओढाताण पदवीने कमी होत नाही. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या पैलूंना ते आवर घालू शकते. कार्यकर्ता नोकरी सोडतो त्यात या शेवटच्या दोन्हींचाही वाटा असू शकतो.

क्षेत्रकार्याचा एक उपयोग मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. विद्यार्थिदशेतच निरीक्षणगृह, न्यायालय आणि मोडलेले घर जवळून पाहिल्यामुळे कामाविषयीच्या भाबड्या अपेक्षा आधीच गळून पडतात आणि हे काम आपल्याला झेपणारे नाही, असे ज्याला जाणवते तो महाविद्यालयातूनच दुसऱ्या वाटेला लागतो. अशा जाण्याने कोणत्याही मुलाचे नुकसान होत नाही. हीच जाणीव नोकरीच्या आठव्या महिन्यात झाली, तर पंचवीस मुलांना तिची किंमत मोजावी लागते.

शिक्षणाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पदवीमुळे कार्यकर्त्याची निष्ठा वाढते, तशी त्याची बाजारातील किंमतही वाढते; रुग्णालय, शाळा, समुपदेशन केंद्र, संशोधन संस्था त्याला घ्यायला तयार असतात. त्याखेरीज आपल्या निर्णयबुद्धीला वाव मिळेल, अशी अपेक्षा शिक्षणानेच त्याच्या मनात निर्माण केलेली असते. कार्यालयात त्याला दिवसभर नमुने भरायला लावले आणि गृहभेटीसाठी वाहनही दिले नाही, तर असे शिक्षण नसलेला कार्यकर्ता जितका निराश होईल, त्याहून तो अधिक निराश होतो, कारण काय व्हायला हवे होते हे त्याला ठाऊक असते. म्हणून शिक्षण हा गळतीवरचा स्वतंत्र उपाय मानणे चुकीचे ठरते. शिकवलेले वापरू देणाऱ्या कार्यालयात ते माणसाला धरून ठेवते आणि वापरू न देणाऱ्या कार्यालयातून ते त्याला लवकर बाहेर काढते.

या दोन्हींपैकी काय घडेल, हे ठरते मुख्यतः पर्यवेक्षणावर. समाजकार्यातील पर्यवेक्षणाची तीन अंगे आल्फ्रेड कादुशिन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात मांडली : काम नीट होते की नाही हे पाहण्याचे प्रशासकीय अंग, कामातून शिकवण्याचे शैक्षणिक अंग आणि मनोबल राखण्याचे आधाराचे अंग. सरकारी कार्यालयांत यांपैकी पहिलेच शिल्लक उरते आणि पर्यवेक्षकाची भेट म्हणजे प्रलंबित प्रकरणांची यादी तपासणे, असा अर्थ रूढ होतो. ज्या पर्यवेक्षकाने स्वतः समाजकार्याचे शिक्षण घेतलेले असते, तो आठवड्यातून तासभर एका कठीण प्रकरणावर कार्यकर्त्याबरोबर बसू शकतो आणि निर्णयाची जबाबदारी त्याच्याबरोबर वाटून घेतो. शिक्षणावरील गुंतवणुकीचे मोठे फळ म्हणूनच उशिरा दिसते : आज विद्यावेतन घेऊन आलेली व्यक्ती पाच-सात वर्षे राहून पर्यवेक्षक झाली की तिच्यामुळे टिकणाऱ्यांची संख्या मोजावी लागते.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध तुलनेपुरता नाही. १९२४ चा मुंबई बालक अधिनियम आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रेन्स एड सोसायटी यांमुळे मुंबईत मुलांचे न्यायालय, निरीक्षणगृह आणि परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करून न्यायालयाला अहवाल देणारा आणि पुढे त्याच्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी, ही व्यवस्था उभी राहिली. पण त्या अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था देशात नव्हती. ती आली १९३६ मध्ये, नागपाड्यात, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने, आणि तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे शिकागोत शिकलेले, नागपाडा नेबरहुड हाउस चालवणारे अमेरिकन मिशनरी होते. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या गेलेल्या या शाळेनंतर मुंबईत १९५५ साली निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था, आणि नागपूरपासून जळगावपर्यंत अनेक महाविद्यालये निघाली. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ साली टाटा संस्थेच्याच क्षेत्रीय प्रकल्पातून मुंबईत सुरू झाली, यावरून शिक्षण आणि सेवा एकमेकांना किती पुढे नेऊ शकतात, हे दिसते.

आज या राज्यात समाजकार्याच्या पदवीधरांचा तुटवडा नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती, बाल न्याय मंडळ आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांची तरतूद केली आहे. मुलाला समितीपुढे हजर केल्यापासून सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत व्हावी, जेणेकरून अंतिम आदेश चार महिन्यांत देता येईल, असे कायदा सांगतो. ज्याला कार्यकर्ते गृहचौकशी म्हणतात, ती पंधरा दिवसांत आणि तीही नीट करायची, तर गावात, वस्तीत दोनदा-तीनदा जावे लागते. मुलाला संस्थेऐवजी कुटुंबातच सांभाळण्यासाठी आर्थिक मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेची प्रकरणेही जिल्हा कक्षाकडेच असतात. २०२३ पासून मुलामागे दरमहा २२५० रुपये देणाऱ्या या योजनेतील प्रत्येक घराची पाहणी हेही प्रत्यक्ष जाऊन करण्याचे काम आहे. एवढी जबाबदारी असलेली कक्षातील पदे मात्र कंत्राटी आहेत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संरक्षण अधिकाऱ्याचे मासिक मानधन २७,८०४ रुपये आणि सामाजिक कार्यकर्त्याचे १८,५३६ रुपये आहे, आणि या पदांसाठी समाजकार्याबरोबर समाजशास्त्र, मानसशास्त्र अशा इतर विषयांची पदवीही चालते. संपूर्णा बेहुरा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी रिक्त पदे भरण्याचा आग्रह धरला आणि परिविक्षा अधिकाऱ्याची भूमिका मुलाच्या पुनर्वसनासाठी कळीची असल्याचे बजावले. पद भरणे आणि भरलेले पद राखणे ही मात्र दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्याबद्दल कायदा काही बोलत नाही.

अमेरिकेच्या अनुभवातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे येथे स्पष्ट होते. टायटल फोर-ईचा निधी ज्या गणिताशी बांधलेला आहे, ते घेण्यासारखे नाही : त्या निधीला पात्र मूल कोणते, हे अजूनही १९९६ च्या उत्पन्नमर्यादेवरून ठरते, त्यामुळे वाढत्या महागाईत पात्र मुलांचे प्रमाण घटत जाते आणि त्या प्रमाणाला जोडलेला शिक्षणाचा पैसाही आटतो. सेवेच्या बदल्यात विद्यावेतन ही कल्पना मात्र महाराष्ट्रात सहज रुजू शकते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे क्षेत्रकार्याचे केंद्र व्हावे, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला तेथे काम करताना विद्यावेतन मिळावे, कायद्याचे आणि अहवालांचे प्रशिक्षण पदवीआधीच पूर्ण व्हावे आणि त्याच्याकडून दोन वर्षांच्या सेवेचे वचन घ्यावे, यासाठी नव्या संस्थेची गरज नाही. महिला व बाल विकास आयुक्तालय आणि विद्यापीठे यांच्यातील करार पुरेसा आहे. पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवलेल्या माणसाकडे दोन वर्षांचे वचन मागण्याचा नैतिक अधिकार शासनाला उरत नाही. तेव्हा वचन दोन्ही बाजूंचे हवे : करार निदान सेवाकाळाइतका तरी असावा, पहिल्या वर्षी प्रकरणांची संख्या इतरांच्या निम्मी असावी, आणि प्रत्येक विभागात प्रशासकीय कामातून मोकळा केलेला, समाजकार्य शिकलेला एक पर्यवेक्षक नेमावा, जो कक्षांत फिरून कार्यकर्त्यांबरोबर प्रकरणांवर बसेल. या तिन्हींत पर्यवेक्षकाचे पद आधी यावे, कारण विद्यावेतन घेऊन येणाऱ्या पहिल्या तुकडीला कक्षात पाऊल टाकल्याच्या दिवसापासूनच त्याची गरज पडणार आहे.